वाचकांचे प्रश्न : छताला भोक पाडून टिपलेला नाच

हॉलिवूडच्या सुरुवातीच्या संगीतपटांतल्या भव्य नृत्यगीतांबद्दल आलेल्या पत्रांतले तांत्रिक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख बझबी बर्कली या नृत्यदिग्दर्शकाकडे आहे, त्यामुळे उत्तरांतही त्याचं नाव वारंवार येईल.

प्रश्न : १९२९-३०च्या बोलपटांतल्या नाचात कॅमेरा समोर खिळून बसलेला दिसतो. तीन-चार वर्षांत तोच कॅमेरा छतावर चढतो, मुलींच्या पायांमधून सरकत जातो. एवढ्या थोड्या काळात काय बदललं? (वाचक, सांगली)

उत्तर : आवाज आणि चित्र वेगवेगळ्या दिवशी घेता येऊ लागले, हा तो बदल. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याची घरघर कुणाच्या कामात येत नव्हती. बोलपट आला आणि ती थेट मायक्रोफोनमध्ये शिरू लागली. उपाय म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही जाड अस्तराच्या, पुढून काच लावलेल्या खोक्यात कोंडलं गेलं. आत हवा नाही, बाहेर दिव्यांची धग. कॅमेरामन घामानं निथळत बाहेर यायचा. कार्बन आर्कचे दिवेही सूं सूं करत, म्हणून त्यांच्या जागी तारेचे दिवे आले.

त्यातही व्हिटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नसायचाच. तो १६ इंची तबकडीवर असे. मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि एक तबकडी म्हणजे १००० फुटांचं एक रीळ, साधारण ११ मिनिटं. फिल्म कापून जोडता येते, तबकडीला कात्री कशी लावणार? म्हणून अख्खं गाणं वाद्यवृंदासह सलग म्हणायचं आणि तीन-चार खोक्यांतून एकाच वेळी टिपायचं. इतके कॅमेरे एकदम चालू असले की कुणालाच पुढे सरकता येत नाही, सरकला तर तो शेजारच्या कॅमेऱ्याला दिसणार. तुम्हाला जाणवलेला ताठपणा त्या अडचणीतून आलेला आहे. नाचणाऱ्यांचा त्यात दोष नाही.

वळण आलं ते १९२९च्या 'द ब्रॉडवे मेलडी'च्या वेळी. त्यातल्या बाहुलीच्या लग्नाच्या नृत्यगीताचं चित्रीकरण एमजीएमचा निर्मितीप्रमुख अर्विंग थालबर्ग याला पसंत पडलं नाही. नाच पुन्हा घ्यायचं ठरलं. ध्वनिविभागाच्या डग्लस शिअररनं सुचवलं, की आवाज तर उत्तम आला आहे, मग वाद्यवृंद पुन्हा कशाला बसवायचा? जुनंच ध्वनिमुद्रण मोठ्यानं लावा आणि मुलींना त्यावर नाचू द्या. झालं, प्लेबॅक सुरू झाला. सेटवर आता मायक्रोफोनच नाही म्हटल्यावर कॅमेरा खोक्यातून बाहेर आला, रुळांवर चढला, क्रेनवर बसला. दिग्दर्शकाला चालू टेकमध्ये ओरडून सूचना देता येऊ लागल्या. आणि चार कॅमेऱ्यांचीही गरज उरली नाही, कारण तेच गाणं पन्नास वेळा लावलं तरी लय तसूभर बदलत नाही.

प्रश्न : प्लेबॅकवर शंभर माणसं एका तालात कशी नाचत? आमच्या गावच्या मैदानावर तीस मुलींचीही लय मागेपुढे होते. (वाचक, फलटण)

उत्तर : तुमच्या मैदानावरचा दोष बहुधा मुलींचा नाही, कर्ण्याच्या जागेचा आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो आणि बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. म्हणजे दर ४७ फुटांमागे ठेका एका चौकटीनं उशिरा पोचतो. कर्ण्यापासून ९५ फुटांवर उभी असलेली मुलगी कर्ण्याजवळच्या मुलीपेक्षा दोन चौकटी मागे राहणार. फेर धरताना किंवा हात झुलवताना हे खपून जातं. टॅपमध्ये (बुटांनी ठेका वाजवायच्या नाचात) किंवा टाळीत मात्र डोळ्याला लगेच सलतं.

यावर तीन उपाय आहेत. कर्णे एका कोपऱ्यात न ठेवता नाचणाऱ्यांच्या अंगावरून, शक्यतो वरून आणि मध्यभागी येतील असे लावायचे. दुसरं, गाण्याआधी मोकळे ठोके द्यायचे, म्हणजे पहिलं पाऊल ऐकून टाकलं न जाता मोजून टाकलं जातं. तिसरं म्हणजे ओळीनं ओळीकडे पाहून नाचायचं नाही. पुढचीला पाहून मागची हलली की माणसाचा प्रतिसादाचा वेळ त्या उशिरात मिळवला जातो, आणि ओळभर लाट पसरते.

जमणं पक्कं राहावं म्हणून कॅमेऱ्याची आणि ध्वनियंत्राची मोटर एकाच वेगाला जखडलेली असे. गाणाऱ्या नटानं सेटवर नुसते ओठ हलवून भागत नाही, त्यानं खरोखर मोठ्यानं गायलं पाहिजे. नाहीतर गळा हलत नाही, छाती भरत नाही, आणि जवळच्या शॉटमध्ये खोटेपणा उघडा पडतो.

प्रश्न : वरून घेतलेला फुलासारखा शॉट नेमका कसा घेत? तो बर्कलीनंच शोधला का? (वाचक, पुणे, वाचक, मडगाव)

उत्तर : वरून शॉट घेणारा तो पहिला माणूस नव्हे. त्यानं केलं ते असं, की तो शॉट नाचाच्या मध्यभागी आणून बसवला आणि नाचच त्या शॉटसाठी रचला. १८९५ साली जन्मलेला हा माणूस पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी तोफखान्यात अधिकारी होता आणि सैनिकांच्या कवायती बसवण्याचं काम त्याच्याकडे होतं. पावलांचं शास्त्रशुद्ध नृत्यशिक्षण त्यानं घेतलेलं नव्हतं. त्याच्या मुली बऱ्याचदा फार अवघड पावलं टाकत नाहीत. त्या चालतात, वळतात, बसतात, हात उघडतात. नक्षी तयार होते ती त्या किती मोजून आणि कुठे हलतात यातून.

चित्रपटातलं त्याचं पहिलं काम १९३०चं 'हूपी!'. तिथे रिवाजाप्रमाणे चार कॅमेरे मांडलेले होते. त्यानं एकच ठेवला, आणि पुढे आयुष्यभर एकाच कॅमेऱ्यानं काम केलं. यामागे हिशेब आहे. चार कॅमेऱ्यांना बरा दिसेल असा नाच कुठल्याच कॅमेऱ्याला नेमका दिसत नाही. एकच डोळा धरला की प्रत्येक हात, प्रत्येक टोपी त्या डोळ्यासाठी लावता येते. शॉटही जोडायच्या क्रमानंच घेतलेले असत, त्यामुळे संकलकाच्या हाती निवड करण्यासारखं फारसं काही उरत नसे.

आता उंचीचं गणित. बोलपटाची चौकट फिल्मवर साधारण २२ बाय १६ मिलिमीटर असते. २५ मिलिमीटरची रुंद लेन्स ६० फुटांवर टांगली, तर खाली सुमारे ५२ बाय ३८ फुटांचा भाग दिसतो. कॅमेरा ४० फुटांवर आणला तर ३५ बाय २५ फूटच उरतो. शिवाय नाचणारीचं डोकं जमिनीपासून पाच फूट वर असतं, म्हणजे डोक्याच्या पातळीवर चौकट आणखी लहान. मोठं वर्तुळ पुरं बसवायचं तर कॅमेरा वर आणि आणखी वर न्यावा लागतो. वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत बर्कलीनं छताला भोकं पाडायला लावली ती या हट्टापायी.

उंचीचा दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. कॅमेरा खाली असला की कडेच्या मुली तिरप्या दिसतात, डोकं बाहेर कललेलं आणि पाय आत. फुलाची पाकळी मोडते. उंचीवर हा कल कमी होतो, तरी पुरता जात नाही. म्हणून वरच्या शॉटमध्ये मुलींना पुष्कळदा बसवलेलं किंवा आडवं झोपवलेलं असतं. शरीर जमिनीला टेकलं की सगळं एका पातळीवर येतं आणि रेषा स्वच्छ उमटते.

काळी चकचकीत जमीन आणि पांढरे कपडे ही जोडी कृष्णधवल फिल्मसाठीच जुळवलेली. काळ्यावर पांढरं असलं की आकार क्षणात वाचता येतो. पण चकचकीत जमिनीवर बुटाचा एक ओरखडा उठला तरी वरून तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, म्हणून टेकच्या मध्ये पुसापुशी ही ठरलेलीच.

आणखी एक बारकावा. त्या काळची चौकट १.३७ला १, म्हणजे जवळजवळ चौकोनी. गोल नक्षी तिच्यात छान भरते. आजच्या रुंद पडद्यावर तेच वर्तुळ मधोमध एकटं पडतं आणि दोन्ही कडा ओस राहतात. बर्कलीची नक्कल आज फिकी वाटते त्याला हे एक कारण आहे, असं आमचं मत.

प्रश्न : कथेत हा नाच नाटकगृहातल्या रंगमंचावर चाललेला असतो. पण खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला वरून फूल कसं दिसेल? (वाचक, ठाणे)

उत्तर : दिसणार नाही. १९३३च्या 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'मध्ये पडदा उघडतो, पहिली काही पावलं रंगमंचाच्या मापात पडतात आणि मग भिंतीच नाहीशा होतात. एका गाण्यात एकात एक बसवलेले फिरते मंच आहेत, आणि शेवटी कॅमेरा मुलींच्या पायांच्या बोगद्यातून जमिनीलगत सरकत जातो. कुठल्याही नाटकगृहात ते शक्य नाही. शेवटी पडदा पडतो, टाळ्या होतात आणि आपण पुन्हा खुर्चीत येतो. ही सवलत प्रेक्षकांनी आनंदानं दिली. १९२९-३० साली संगीतपटांचा इतका पूर आला होता की लोक विटले होते, स्टुडिओ तयार चित्रपटांतली गाणी कापून टाकत होते. हा चित्रपट चालला आणि वारं फिरलं. १९३३ या एकाच वर्षी वॉर्नरनं बर्कलीच्या नाचांचे तीन मोठे चित्रपट आणले.

प्रश्न : 'फूटलाइट परेड'मधल्या धबधब्याच्या गाण्यात पाण्याखालून घेतलेले शॉट आहेत. १९३३ साली ते कसे जमले? (वाचक, नागपूर)

उत्तर : हौदाला काचेच्या भिंती करून. कॅमेरा कोरडाच राहिला, मुली काचेपलीकडे पोहल्या. हौद ८० बाय ४० फुटांचा होता आणि धबधब्यावरून मिनिटाला २०,००० गॅलन पाणी पंपानं फिरवलं जात होतं, असा आकडा त्या वेळी दिला गेला. लिटरमध्ये तो पाऊण लाखाच्या वर जातो.

यात अडचणी कुठे येतात ते पाहा. पाणी जमिनीसारखं खुणा धरून ठेवत नाही. रंगमंचावर खडूची फुली मारता येते, पाण्यात पोहणारीला शेजारणीच्या अंतरावरूनच आपली जागा कळते. म्हणून या गाण्यात हातात हात, पायात पाय अशा साखळ्या जास्त आहेत. साखळी जोडलेली असली की अंतर आपोआप सारखं राहतं. दुसरं, कान पाण्यात गेले की प्लेबॅक ऐकू येत नाही, हालचाल मोजूनच करावी लागते. तिसरं, ओले केस वरून काळ्या ठिपक्यासारखे दिसतात आणि डोकं पाण्यात विरघळतं. डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोप्या दिल्या की प्रत्येक डोकं एक मणी होतं, आणि मण्यांची माळ वरून ठळक उमटते. पुढच्या वेळी हे गाणं पाहाल तेव्हा चेहरे सोडा, फक्त टोप्यांकडे पाहा. साप वळवळताना दिसतो तो त्या टोप्यांचाच.

शेवटचं मजल्यामजल्यांचं मानवी कारंजं हा या साऱ्याचा कळस. खालच्या मजल्यावर जास्त मुली, वर कमी, आणि प्रत्येक मजल्यावरून पाणी सुटलेलं. आमच्या लेखी हे बर्कलीचं सर्वांत नेटकं काम आहे. इथे यंत्र, पाणी आणि शरीर यांतलं काहीच उपरं वाटत नाही.

प्रश्न : अंधारात चमकणारी व्हायोलिनं खरी होती का? भूकंपाची गोष्ट खरी की दंतकथा? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही खरं. १९३३च्या 'गोल्ड डिगर्स'मधल्या 'शॅडो वॉल्ट्झ' या गाण्यात व्हायोलिनच्या कडेनं निऑनच्या नळ्या बसवल्या होत्या. दिवे मालवले की मुली नाहीशा होतात आणि फक्त व्हायोलिनच्या उजळ रेषा तरंगतात. त्या सगळ्या मिळून वरून एक मोठं व्हायोलिन तयार करतात, तो प्रसंग पाहण्यासारखा आहे.

निऑनची नळी साध्या दिव्यासारखी नसते, तिला पेटायला विजेचा फार मोठा दाब लागतो. अंगाशी धरलेली नळी, घेरदार झगे आणि हलणारी माणसं एकत्र आली की वेष्टण कुठे घासलं गेलं, कुठे सांधा सैल झाला, तर तिथे ठिणगी पडणार. १० मार्च १९३३च्या संध्याकाळी लाँग बीचचा भूकंप झाला तेव्हा याच गाण्याचं चित्रीकरण चालू होतं. वीज गेली, काही व्हायोलिनांत शॉर्टसर्किट झालं. बर्कली कॅमेऱ्याच्या बूमवरून (कॅमेरा उंच नेणाऱ्या लांब दांड्यावरून) पडता पडता वाचला. बऱ्याच मुली ३० फूट उंचीच्या मंचावर होत्या. अंधारात जागच्या जागी बसून राहा, असं त्यानं त्यांना ओरडून सांगितलं आणि दरवाजे उघडून उजेड येईपर्यंत तसंच बसवून ठेवलं. उंच मंचावर काळोखात कुणी पळालं असतं तर भूकंपापेक्षा मोठा अनर्थ झाला असता.

प्रश्न : ५६ पियानो आपोआप कसे सरकतात? तारांनी? (वाचक, बेळगाव)

उत्तर : माणसांनी. १९३५च्या 'गोल्ड डिगर्स'मध्ये पांढऱ्या पियानोंचे ते नुसते हलके सांगाडे आहेत. प्रत्येकाखाली काळ्या कपड्यातला एक माणूस वाकून उभा आहे आणि तोच पियानो पाठीवर घेऊन चालतो. जमीन काळी, माणूस काळा, त्यामुळे नजर पांढऱ्यावरच राहते. नीट लक्ष दिलंत तर सांगाड्याखाली काळ्या विजारीतले पाय दिसतात. ते पाय दिसल्यावर गाण्याची मजा कमी होत नाही, उलट वाढते. खालच्या माणसाला समोरचं काही दिसत नाही, तरी ५६ जण वळून एकमेकांना चिकटतात. जमिनीवरच्या खुणा आणि मोजणी, एवढंच त्यांच्या हाती होतं.

पांढऱ्या-काळ्याची हीच युक्ती त्याच चित्रपटातल्या 'ललबाय ऑफ ब्रॉडवे'च्या सुरुवातीला आहे, अधिक साध्या रूपात. सगळा पडदा काळा. दूरवर एक पांढरा ठिपका. विनी शॉ गात राहते आणि तो ठिपका हळूहळू मोठा होत तिचा चेहरा होतो. मान नाही, खांदे नाहीत, मागे काही नाही. नंतर डझनावारी टॅप करणारे येतात, पण लक्षात राहतो तो हा ठिपका.

प्रश्न : 'किंग ऑफ जॅझ'मधल्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'मध्ये निळा रंग निळा दिसत नाही. प्रत खराब झाली आहे का? (वाचक, इंदूर)

उत्तर : प्रत खराब नाही, त्या पद्धतीत निळा नव्हताच. १९३०चं टेक्निकलर दोन रंगांचं होतं. कॅमेऱ्यात येणारा प्रकाश दुभंगून लाल आणि हिरव्या गाळण्यांतून दोन चौकटी उमटत, आणि छापताना केशरी-लाल व हिरवट-निळा असे दोनच रंग चढत. कातडीचा रंग बरा यायचा, विटेचा लाल बरा यायचा. खरा निळा, जांभळा, शुद्ध पिवळा यायचा नाही. आणि गाण्याच्या नावातच निळा!

दिग्दर्शक जॉन मरी अँडरसन आणि कलादिग्दर्शक हर्मन रॉस यांनी कापडं आणि रंग कॅमेऱ्यासमोर तपासून पाहिले आणि पार्श्वभूमी राखाडी व चंदेरी ठेवली. शेजारी ऊब असलेला रंगच नसला की हिरवट-निळा डोळ्याला निळ्याकडे झुकलेला वाटतो. हातात दोनच रंग असताना डोळ्याला तिसरा भासवायचा, इतकं नेमकं हे काम आहे. रॉसला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. त्यातला अवाढव्य पियानोही पाहण्यासारखा आहे. पट्टीशी पाच वादक ओळीनं बसलेले आणि झाकणाखाली पॉल व्हाइटमनचा वाद्यवृंद.

दोन रंगांच्या पद्धतीला दिवेही जास्त लागत. त्या सेटवरच्या उकाड्याची कल्पना करा आणि मग जरीचे कपडे घालून हसत नाचणाऱ्यांकडे पाहा.

प्रश्न : 'द ग्रेट झिगफेल्ड'मधला तो फिरता मनोरा केवढा होता? (वाचक, सोलापूर)

उत्तर : व्यास ७० फूट, वळणावळणाच्या १७५ पायऱ्या, वजन १०० टन. हा १९३६चा एमजीएमचा चित्रपट. सेट फिरतो आणि कॅमेरा वर चढत जातो, त्यामुळे पायऱ्यांवर बसलेली माणसं एकामागून एक आपल्यासमोर येतात. नाच तसा थोडाच आहे, हा सेटचाच देखावा. सीमोर फेलिक्सला त्यासाठी नृत्यदिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. हे पारितोषिक १९३५, १९३६ आणि १९३७ या तीनच वर्षांच्या चित्रपटांना दिलं गेलं. तिन्ही वर्षं बर्कलीचं नामांकन होतं, एकदाही त्याला ते मिळालं नाही. आमच्या मते हा अन्याय झाला.

प्रश्न : हॉलिवूडमध्ये नट स्वतः गात आणि आपल्याकडे दुसरं कुणी, हा फरक खरा का? (वाचक, दादर)

उत्तर : बराचसा खरा, पण पुरता नाही. वरच्याच मनोऱ्यावर गाणारा स्टॅनली मॉर्नर (पुढे डेनिस मॉर्गन या नावानं प्रसिद्ध झाला) फक्त ओठ हलवतो, आवाज ॲलन जोन्सचा आहे. तरीही तिथे प्लेबॅक मुख्यतः कॅमेरा मोकळा करण्यासाठी आला. बर्कलीच्या चित्रपटांतले डिक पॉवेल, रूबी कीलर आपापलीच गाणी आधी म्हणून ठेवत.

आपल्याकडे १९३२च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे सेटवर गात आणि चित्र व आवाज एकदमच घेतला जाई. वाद्यं चौकटीबाहेर लपवायची आणि गाणारा मायक्रोफोनपासून लांब जाऊ द्यायचा नाही, ही सांगलीच्या वाचकांना सांगितलेलीच अडचण. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं १९३५मध्ये 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'धूप छाँव'मध्ये गाणी आधी मुद्रित केली. संगीत रायचंद बोराल यांचं. एकदा आवाज सुटा झाल्यावर तो दुसऱ्याचा असायला हरकत उरली नाही, आणि पार्श्वगायन हा आपल्याकडे वेगळा, मानाचा पेशा झाला.

प्रश्न : फ्रेड अस्टेअरच्या नाचात वरून शॉट का नाहीत? (वाचक, औरंगाबाद)

उत्तर : कारण त्याची श्रद्धा नेमकी उलट होती. नाचणाऱ्याचं डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर चौकटीत हवं आणि कापाकापी शक्य तितकी कमी. त्यासाठी कॅमेरा बुटक्या गाडीवर ठेवून जोडीबरोबर समांतर फिरवत. खर्च पाहाल तर हाही थाट कमी नाही. १९३५च्या 'टॉप हॅट'मधल्या व्हेनिसच्या सेटवर कालव्याचं पाणी काळ्या रंगानं रंगवलं होतं, पांढरे पूल त्यावर उठून दिसावेत म्हणून. जमीन बेकेलाइटची (एक जुनं कडक प्लॅस्टिक), तिच्यावर बुटांचे ओरखडे उठणार आणि टेकगणिक ती साफ करावी लागणार.

सलग टेकची किंमत मात्र जबर. शेवटच्या पावलाला चूक झाली की पहिल्यापासून सुरू. १९३६च्या 'स्विंग टाइम'मधल्या 'नेव्हर गॉना डान्स'चे ४७ टेक झाले आणि अस्टेअरची जोडीदार जिंजर रॉजर्स हिच्या पायातून रक्त आलं. त्या नाचात एकच ठळक कट आहे, जोडी जिन्यावरून वर जाते तिथे. 'चीक टू चीक'मध्ये तिच्या झग्याची पिसं गळायला लागली, ती पुन्हा शिवून घेतली, तरी पडद्यावर एखाददुसरं पीस तरंगताना दिसतंच. टॅपचा आवाज चित्रीकरणानंतर वेगळा मुद्रित करत. जिंजरच्या पावलांचा आवाज पुष्कळदा अस्टेअरचा सहकारी नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन यानं स्वतःच्या पायांनी दिलेला आहे.

प्रश्न : 'फ्लाइंग डाउन टू रिओ'मध्ये मुली खरंच उडत्या विमानाच्या पंखांवर नाचतात का? (वाचक, वसई)

उत्तर : नाही. विमान हँगरमध्ये तारांनी टांगलेलं, जमिनीपासून थोडंच वर. मोठे पंखे वाऱ्याचं काम करतात. आकाशातली दृश्यं वेगळी घेऊन जोडली आहेत.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी २४ मुलींचा नाच वरून मोबाइलवर टिपायचा आहे. मापं सांगाल का? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आधी वर्तुळाचं माप काढा. हात खाली सोडून हातात हात धरून उभं राहायला एकीला साधारण ९० सेंटिमीटर लागतात. २४ जणींचा परीघ झाला साडेएकवीस मीटर, व्यास सुमारे ७ मीटर. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सला ६ मीटर उंचीवरून जमिनीचा साधारण ८ बाय साडेचार मीटरचा भाग दिसतो, डोक्याच्या पातळीवर तो ६ बाय साडेतीनच उरतो. म्हणजे एक वर्तुळ बसणार नाही. दोन वर्तुळं करा, आत ८ आणि बाहेर १६, आणि बाहेरच्या मुलींना खाली बसवा. खांद्याला खांदा लावून बसल्या की एकीला ५५ सेंटिमीटर पुरतात, व्यास तीन मीटरच्या आत येतो. पाय आत घ्यायला सांगा, नाहीतर पायांचा व्यास वेगळा धरावा लागेल. रुंद लेन्स लावायचा मोह टाळा, तिच्यात कडेच्या मुली आडव्या पडल्यासारख्या दिसतात.

गच्चीच्या कठड्यावरून सरळ खाली पाहता येत नसेल तर वर्तुळ चपटं दिसेल. लंबरेषेपासून ४५ अंश कललात तर ते तुमच्या दिशेनं सुमारे ०.७ पट होतं. तेव्हा जमिनीवर वर्तुळ न आखता त्या दिशेला १.४ पट लांब असा लंबगोल आखा. मोबाइलमध्ये तो गोल दिसेल. फोनला दोरी बांधून ती कठड्याला पक्की करा, खाली मुलं आहेत. ड्रोन मुलांच्या डोक्यावर नेऊ नका.

फरशी फिकी असेल तर गडद कपडे द्या, गडद असेल तर पांढरे. सगळ्यांना एकाच रंगाचे गजरे किंवा टोप्या द्या, वरून तेच आधी दिसतं. मध्यबिंदूला खिळा किंवा वजन ठेवून सुतळीनं वर्तुळं आखा, प्रत्येकीच्या जागेवर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावा.

गाणं वाजवणारा स्पीकर शक्य तितका मध्याजवळ ठेवा आणि गाण्याआधी आठ मोकळे ठोके जोडून घ्या. व्हिडिओ २५ चौकटींवर, शटर १/५० वर ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवरचे दिवे लुकलुकतील. नाच तुकड्यातुकड्यांनी घ्यायचा असेल तर फोनचा स्वतःचा आवाज बंद करू नका. तो खराब असला तरी प्रत्येक तुकडा मूळ गाण्याशी जुळवायला त्याचाच उपयोग होईल. जुळवून झालं की तो काढून टाका आणि खाली मूळ गाणं लावा.